केरबा मिस्त्रींची हत्यारं

“हे काय आहे, काका?”

“मंगळवार,” केरबाकाका म्हणाले.

“मंगळवार नाही. नीट बघा. का... का...”

“मंगळवार.” या वेळी जरा चिडून.

मी कानस खाली ठेवली आणि हातोडी उचलली. हातोडीही मंगळवार होती. पक्कड मंगळवार, पाना मंगळवार. मागच्या पडवीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. ते स्टुलावर, मी पाटावर. मध्ये गोणपाटावर त्यांची हत्यारं मांडलेली. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास हा आमचा तास चालायचा आणि रोज असाच संपायचा. मी वही काढायचे, तारीख टाकायचे आणि लिहायचे : ‘आज एकही शब्द नाही.’

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, कुर्डुवाडीची. मी तेवीस वर्षांची होते. वैरागहून नोकरीसाठी आलेली, मुलींच्या शाळेत नवी लागलेली शिक्षिका. केरबा पांचाळांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तीस वर्षं छोट्या गाडीची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. निवृत्त झाल्यावरही घरात बसून राहिले नाहीत. गल्लीत कुणाचा स्टोव्ह पेटत नसेल, कुणाच्या शिवणयंत्राची सुई तुटत असेल, कुणाच्या दाराची कडी बसत नसेल, तर सगळे “मिस्त्री आहेत का?” म्हणत यायचे. मी राहायला आले तेव्हा माझ्या खोलीची खिडकी लागत नव्हती. काका आले, रंध्याचे चार हात मारले, खिडकी लावून दाखवली आणि म्हणाले, “लाकूड फुगलंय बाई. रागावलेल्या माणसासारखं असतं ते. थोडं कमी केलं की बसतं जागेवर.”

भरपूर बोलायचे तेव्हा.

भाद्रपदात एका सकाळी ते पडवीतच कोसळले. सोलापूरला नेलं, वीस दिवस ठेवलं. परत आणलं तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत होते आणि वाचा गेली होती. म्हणजे आवाज होता, पण त्यातून एकच शब्द यायचा. पाणी हवं असलं तरी मंगळवार, नको असलं तरी मंगळवार. हाच शब्द का राहिला ते कुणालाच कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्याशी बोलत राहा, रोजच्या वस्तू दाखवा, नावं घ्या, कदाचित शब्द परत येतील.

काकांच्या बायकोला, गयाकाकूंना, त्यासाठी सवड नव्हती. मग ते काम मी अंगावर घेतलं. आधी वाटी, तांब्या, पंचा असं दाखवून पाहिलं. काका तोंड फिरवायचे. एकदा मी सहज भिंतीवरची पक्कड काढून आणली, तेव्हा त्यांचे डोळे बदलले. त्या दिवसापासून आम्ही हत्यारांवर आलो.

पडवीच्या भिंतीला लांब फळी होती आणि फळीवर खिळे. प्रत्येक हत्याराचा खिळा ठरलेला. लहानमोठे पाने, तीन कानशी, छिन्न्या, करवत, गिरमिट, ओळंबा, चार वजनांच्या हातोड्या. दांडे सगळे त्यांनी स्वतः बाभळीचे घडवलेले आणि जिथे अंगठा येतो तिथे झिजून खोलगट झालेले.

शब्द येत नव्हता, पण मी हत्यार पुढे केलं की काका ते डाव्या हातात घ्यायचे आणि त्याने काय करतात ते करून दाखवायचे. आणि एकावर थांबायचे नाहीत. कानशीने लोखंड घासून दाखवलं की विळीची धार लावून दाखवणार. मग किल्लीचा दात काढून दाखवणार. मग एक जुना, कोपरे झिजून गोल झालेला नट उचलणार, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट करणार आणि त्यावर लहान पाना बसवून माझ्याकडे बघणार. हातोडीचंही तसंच. जोरात ठोकण्याआधी गंजलेल्या बोल्टाला चहूबाजूंनी हलकेच टकटक करून दाखवायचे, झोपलेल्याला उठवल्यासारखं.

“हो काका, कळलं,” मी म्हणायचे. “पण याला म्हणतात काय?”

खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा. मला शब्द हवा होता. त्या वर्षी मला एका तरी ठिकाणी यश हवं होतं. शाळेत माझ्या वर्गात चोपन्न मुली होत्या आणि एकही ऐकत नव्हती. मुख्याध्यापिका एकदा दारात उभ्या राहून गेल्या आणि नंतर म्हणाल्या, “तुमचा आवाज तुमच्या टेबलाच्याही पलीकडे जात नाही हो.” घरून स्थळांची पत्रं येत होती. मे महिन्यात राजीनामा द्यायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाडव्याला काकांचा मुलगा दिगंबर आला. पिंपरीला एका कंपनीत होता. तिशीतला, शांत, जबाबदार माणूस. आला की आधी वडिलांचे पाय दाबून द्यायचा. गुढी उतरवल्यावर संध्याकाळी त्याने मला ओट्यावर बोलावून सांगितलं, “बाई, मी या दोघांना पुण्याला नेतोय. पुढच्या महिन्यात. तुमच्या खोलीचं घाबरू नका, घर काही विकत नाही. पण इथं आई एकटी किती दिवस करणार?”

“आणि काकांची हत्यारं?”

“तिथं दोन खोल्या आहेत. हे एवढं लोखंड कुठं ठेवणार? उद्या दुपारी भंगारवाल्याला बोलावलंय.”

“काकांना विचारलंत?”

त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. “बाई, तुम्ही त्यांच्यासाठी एवढं करताय, उपकार आहेत तुमचे. पण अण्णांना आता काही कळत नाही. तुम्हीच बघताय ना रोज?”

माझ्या वहीत काय लिहिलेलं होतं ते मला ठाऊक होतं. पण आत गेल्यावर काकूंपाशी माझा राग बाहेर पडला. “काकू, काकांना या घरातून, त्या पडवीतून उपटून नेणार हे. तुम्ही काहीच कसं बोलत नाही?”

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी काय बोलू, बाई?”

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. दुपारी जेवून मी दारात उभी होते. काका ओट्यावर काठी धरून बसले होते. आत दिगंबर फळीवरची हत्यारं काढून पोत्यात भरत होता. प्रत्येक वेळी लोखंडावर लोखंड आपटलं की काकांची पापणी हलत होती. मागे वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही.

आमच्या समोर, रस्त्यापलीकडे लिंबाखाली शेवंताची रसवंती होती. शेवंता पस्तिशीची. तिचा नवरा वारल्यावर तिने आणि तिचा दीर भानुदास याने हाताने फिरवायचं उसाचं यंत्र घातलं होतं. भानुदास मोठं चाक फिरवायचा, शेवंता ऊस सारायची. चाकाला घुंगरं बांधलेली होती. उन्हाळाभर आमच्या गल्लीत तो आवाज असायचा, इतका की तो ऐकूच येईनासा झाला होता. त्या दुपारी तो एकदम थांबला, तेव्हा ऐकू आला. आणि मग शेवंताची किंकाळी.

मी धावले. शेवंता यंत्राला चिकटून उभी होती, गुडघे वाकलेले, चेहरा पांढराफटक. एकदा पिळलेलं चिपाड दुमडून परत सारताना बांगडी चिपाडात अडकली होती आणि उजव्या हाताची चार बोटं मधल्या पेरापर्यंत दोन लोखंडी रुळांच्या मध्ये ओढली गेली होती. भानुदासने घाबरून चाक उलटं फिरवलं होतं, तर उसाचं एक कांड दात्यांत जाऊन रुतलं होतं. आता चाक पुढेही जात नव्हतं आणि मागेही येत नव्हतं.

“वहिनी, ओढ! हात ओढ!” भानुदास रडत ओरडत होता.

“ओढू नका रे!” कुणीतरी म्हणालं. “पहार आणा पहार!”

पाच मिनिटांत तीस माणसं गोळा झाली. कुणी म्हणे कांड कापा, कुणी म्हणे चाकावर सगळे मिळून जोर लावा. एक ट्रकवाला आपल्या गाडीतली पहार घेऊन आला, दणकट माणूस.

मागून काठीचा आवाज आला. केरबाकाका पाय ओढत रस्ता ओलांडून येत होते. लोकांनी वाट दिली, पण ती आजारी माणसाला देतात तशी. काकांनी शेवंताकडे पाहिलंच नाही. ते यंत्राकडे बघत होते. वरून खाली, मग खालून वर. डावा हात त्यांनी यंत्राच्या अंगावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आणि मला शोधून काढलं. वरच्या रुळाला दोन्ही टोकांनी दाबून धरणारे दोन जाड नट होते. त्यांतल्या एकावर त्यांनी बोट टेकवलं, मूठ वळली आणि मनगट फिरवलं.

पाना.

मी घरात धावले. दिगंबर पोतं बांधत होता. “काय झालं?” म्हणाला. मी उत्तर न देता पोतं त्याच्या हातातून ओढून घेतलं. ते जड होतं. तो माझ्या मागे पळत आला.

पोतं रस्त्यावर उपडं केलं. काकांनी काठीच्या टोकाने एक पाना माझ्याकडे सरकवला. तो अलीकडच्या नटावर असा बसला, जणू मोजून आणला होता. मी दोन्ही हातांनी ओढला. नट सुटला. लोक “बाई, शाबास!” म्हणाले. मी पलीकडच्या नटाकडे गेले. त्या नटाचे कोपरे कुणी कुणी चुकीचे पाने लावून पार घासून टाकले होते. तो गोल गरगरीत झाला होता. मी पाना लावला, ओढला. तो सटकला आणि माझ्या बोटांची सालटी निघाली. पुन्हा लावला. पुन्हा सटकला.

काकांनी माझ्या मनगटावर चापट मारली. मी थांबले. त्यांनी माझा हात धरला आणि हवेत मागे-पुढे, मागे-पुढे केला.

मला कळलं. मी ढिगातून सपाट कानस उचलली आणि नट घासायला लागले.

“अहो बाई, इथं जीव चाललाय आणि तुम्ही घासत काय बसलाय?” ट्रकवाला पुढे झाला. “सरका. दोन रुळांच्या मधी पहार घालतो, एका झटक्यात उचलतो.”

काकांनी काठी आडवी केली. “मंगळवार!”

“बाबा, बाजूला व्हा.”

“मंगळवार! मंगळवार!” काठी हटत नव्हती. पहार बोटांच्या शेजारीच घुसणार होती, आणि तिचं टोक वर उचलायच्या आधी खाली दाबणार होतं. हे मला आत्ता लिहिताना सुचत नाहीये, तेव्हाच दिसलं होतं, कारण काका काठी काखेत दाबून आपल्या लुळ्या हाताची बोटं डाव्या मुठीत घेऊन चुरगाळून दाखवत होते.

दिगंबरने मागून वडिलांना खांद्यांना धरलं. “अण्णा, चला घरी. यांना करू द्या. बाई, तुम्ही तरी ऐका. त्यांना काही कळत नाही!”

“त्यांना सगळं कळतं!”

हे मी ओरडले होते. इतक्या मोठ्याने की लिंबावरचे कावळे उडाले. “पहार खाली ठेवा आधी! पहार मारलीत तर हिची बोटं तिथंच राहतील. दिगंबर, त्यांना सोडा. तुम्ही आणि भानुदास चाक धरा. जरासुद्धा हलता कामा नये.”

ट्रकवाल्याने पहार खाली ठेवली. दिगंबर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने काकांचे खांदे सोडले आणि जाऊन चाक धरलं.

मी घासत राहिले. कानस नेटाने पुढे न्यायची आणि मागे येताना उचलायची, हे मी पडवीत शंभरदा पाहिलं होतं, कंटाळत पाहिलं होतं. लोखंडाचा चुरा माझ्या घामावर चिकटत होता. शेवंताचं विव्हळणं थांबलं तेव्हा मी घाबरून वर पाहिलं. गयाकाकू कधी आल्या होत्या कोण जाणे. त्या शेवंताच्या मागे उभ्या होत्या, तिला आपल्या अंगावर रेलून घेतलं होतं, पदराने तिचे डोळे झाकले होते आणि कानात हळूहळू बोलत होत्या, “तुझ्या पोरीचं नाव काय गं? कितवीत आहे? भाकरी येते का तिला? माझ्या भावाची पोर होती ना, तिला दहा वर्षांची होईपर्यंत भाकरी येत नव्हती...”

काकांनी अंगठ्याने नट चाचपला. नाही, अजून. मी आणखी घासला. पुन्हा अंगठा. हं. त्यांनी काठीने दुसरा, लहान पाना दाखवला. तो दोन सपाट बाजूंवर बसला. मी ओढला. हलेना. कुणीतरी घरातल्या स्टोव्हमधलं रॉकेल आणून ओतलं. मी लहान हातोडीने नटाला चहूबाजूंनी टकटक केलं, पुन्हा ओढला. माझ्या दंडात तेवढं बळ नव्हतं.

“अण्णा,” चाकापाशी उभ्या दिगंबरचा आवाज आला. “पान्याच्या दांड्यावर पाइप चढवू का? लांबी वाढेल.”

काकांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

ट्रकवाल्याने चाक धरलं, दिगंबर आला. रसवंतीच्या मांडवाचा एक पोकळ नळ काढून त्याने पान्याच्या दांड्यावर चढवला. आम्ही दोघांनी मिळून ओढला. कट्ट असा आवाज झाला आणि नट फिरला.

पण रूळ हलला नाही. चिपाडं आत इतकी घट्ट बसली होती की वरचा रूळ सुटा होऊनही खाली चिकटून होता. काकांनी ढिगाकडे बोट केलं. दोन बाभळीच्या पाचरी होत्या. एक त्यांनी मला दिली, एक दिगंबरला. रुळाच्या दोन टोकांना, बोटांपासून लांब, आम्ही त्या लावल्या आणि हातोड्या उचलल्या. मग काकांनी काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. मी घाव मारला. दिगंबरने नंतर मारला. काकांनी जोरात मान हलवली : नाही. दोघांनी एकदम. एक बाजू आधी उचलली गेली असती तर रूळ तिरका होऊन बोटांवर बसला असता.

काठी. टक. काठी. टक. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, फक्त ती काठी ऐकत होतो. काडीएवढी फट दिसली. मग दोन काड्यांएवढी. मग शेवंताचा हात काकूंच्या हातात निघून आला.

ट्रकमधूनच तिला दवाखान्यात नेलं. करंगळीचं एक पेर काढावं लागलं. बाकीची तिन्ही बोटं राहिली, वाकडी का होईना, पण कामाची राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा ऊस सारायला उभी होती, मात्र हाताने नाही, लाकडी दांडक्याने. बांगडी तिने त्या हातात पुन्हा घातली नाही.

या सगळ्या गडबडीत भंगारवाला हातगाडी घेऊन येऊन थांबला होता. रस्त्यावर पसरलेल्या हत्यारांकडे बघून म्हणाला, “हीच का?” दिगंबर म्हणाला, “जा तू. काही नाही द्यायचं.” मग तो खाली बसला आणि एकेक हत्यार आपल्या शर्टाने पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो वडिलांसमोर येऊन बसला. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात होते. माझ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि मनात मोठी ऐट होती. आता हा काय बोलणार ते मला ठाऊक होतं, आणि काका काय उत्तर देणार तेही.

“अण्णा,” तो म्हणाला, “मी तुम्हाला विचारलंच नाही. चुकलं माझं. तुम्हाला इथं राहायचं असलं तर मी तशी काहीतरी व्यवस्था करतो. बदली मिळते का बघतो. खरं सांगा, काय करायचंय?”

काकांनी काकूंना खुणेने जवळ बोलावलं. काकू पदराला हात पुसत आल्या. काकांनी त्यांचा हात धरला, तळवा वर केला आणि मुलाच्या समोर धरला. तळव्याला भेगा पडल्या होत्या. मग त्यांनी आपला डावा हात स्वतःच्या काखेत घातला आणि स्वतःला उचलल्यासारखं केलं. काकू त्यांना रोज पलंगावरून कशा उचलतात ते दाखवत होते. मग पाण्याची कळशी. मग वाकलेली कंबर, दोन पावलं चालून. एका माणसाने दुसऱ्याचं सगळं आयुष्य इतक्या थोड्या हालचालींत दाखवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी हात उचलला आणि स्टेशनाच्या दिशेने लांबवला.

“मंगळवार,” ते म्हणाले, हुकूम सोडल्यासारखे.

दिगंबरला कळायला क्षणभर लागला. “पुण्याला? तुम्हाला यायचंय?”

काकांनी होकाराने मान हलवली. पुन्हा हलवली.

काकू मटकन खाली बसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. “मला जायचंय रे दिगू,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून जायचं होतं. सात महिने झाले, पाठ टेकून झोपले नाही मी. पण तुला वाटायचं आईला घर सोडवणार नाही, या बाईंना वाटायचं यांना पडवी सोडवणार नाही. मला कुणी विचारलंच नाही.”

मी त्यांच्याच घरात, एका भिंतीआड झोपत होते. काकांसाठी रोज अर्धा तास, तारीखवार वही. आणि त्यातली एकही ओळ काकूंसाठी नव्हती.

दिगंबर उठला. “आई, बस तू. चहा मी टाकतो,” म्हणाला. स्टोव्हची पिन कुठे असते हे त्याला कळेना. मलाही ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात मी राजीनामा दिला नाही. पुढे एकतीस वर्षं शिकवलं. काका पिंपरीत आणखी पाच वर्षं जगले. शब्द म्हणावे तसे परत आले नाहीत, तरी काकूंचं नाव तेवढं घ्यायला लागले होते, असं दिगंबरने पत्रातून कळवलं.

पण मला आठवते ती जायच्या आदल्या रविवारची सकाळ. हत्यारं भंगारात जाणार नव्हती आणि पुण्यालाही जाणार नव्हती. काकांनी ती वाटायला काढली होती. ओट्यावर गोणपाट अंथरलं होतं आणि गल्ली जमली होती. ज्याला जे लागेल ते काका निवडत होते. कुणाचा हात कशाला बसतो हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहून ठेवलेलं होतं. भानुदासला त्या दिवशीचे दोन्ही पाने आणि तेलाची बुधली. शिंपी हारूनभाईंना बारीक स्क्रू ड्रायव्हर. कोपऱ्यावरच्या गवंड्याला ओळंबा. घेणारा समोर बसायचा, काका त्याला डाव्या हाताने करून दाखवायचे आणि शेजारी बसून मी ते बोलायचे. “भानुदास, काका म्हणतात, नट सुटत नसला तर आधी अंदाज घ्यायचा, लगेच जोर नाही करायचा.” “हारूनभाई, हा फक्त स्क्रू फिरवायला नाही. मशीनमध्ये तुटलेला दोरा अडकला तर याच्या टोकानं अलगद काढता येतो. पण याने कधी काही उचकटायचं नाही, टोक वाकडं होतं.”

माणसं मान डोलवत होती, परत विचारत होती. ऊन ओट्यावर चढत आलं. काकांचा हात दमला असावा. गिरमिट मी उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी ते घेतलं नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

समोर सुताराची सून बसली होती, नवऱ्यासाठी न्यायला आलेली. “हे कशाला हो, बाई?” तिने विचारलं.

“भोक पाडायला,” मी म्हणाले. “पण आधी खिळ्यानं जागा धरायची, नाहीतर टोक घसरतं. आणि टोक लाकडाच्या पार पलीकडे जायच्या जरा आधी थांबायचं. मग फळी उलटी करायची आणि दुसऱ्या बाजूनं पूर्ण करायचं. म्हणजे ढलप्या निघत नाहीत.”

ती गिरमिट घेऊन गेली. मग करवत, मग छिन्न्या, मग कानशी. मीच सांगत गेले. केरबाकाका भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी ठेवून, ऐकत बसले होते.